रिव्हर्स नसलेली गाडी

मी एक मोटार बोलतेय. जुनी आहे, खडखडते, माझा उजवा दरवाजा आतून उघडत नाही. पण मला कुणी "बिचारी" म्हणालं तर खबरदार! बिचारी मी कधीच नव्हते.

माझा जन्म इथलाच, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका कारखान्यातला. पहिला मालक दातांचा डॉक्टर. तो मला दर रविवारी आंघोळ घालायचा आणि चालवायचा मात्र क्वचित. दुसरा घरोघरी पिझ्झा पोचवायचा. हवा दमट झाली की माझ्या गाद्यांना अजून कांद्याचा वास येतो. मग मी मार्वेलाच्या दारात आले आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

मार्वेला एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. तिथली मॅनेजरची जागा रिकामी झाली की दर वेळी बाहेरचं कुणीतरी यायचं, कारण त्या जागेला पदवी लागायची. पुन्हा एकदा तसं झालं, तेव्हा ती माझ्यात येऊन बसली, दार धाडकन लावलं (त्यात माझा काय दोष?) आणि थेट गावच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन व्यवसाय प्रशासनाच्या पदवीला नाव घातलं.

पदवी दोन वर्षांची. पण ती ज्यांना दुसरं काम नाही त्यांच्यासाठी. मार्वेला एका वेळी एकच विषय घ्यायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तोही नाही. या कॉलेजला वसतिगृह नाही. तिथल्या मुलांचं (आणि कसली मुलं, निम्म्यांना नातवंडं असतात!) वसतिगृह म्हणजे आम्ही गाड्या. माझ्यातच ती डबा खायची, एप्रन काढून धुतलेला शर्ट चढवायची आणि स्टिअरिंगला पुस्तक टेकवून मोठ्याने वाचायची. मागणी आणि पुरवठा ऐकून ऐकून मलाही पाठ झाला.

तिचा धाकटा भाऊ अर्लिस मेकॅनिक. रविवारी चर्चहून सगळे आईकडे जेवायला जमायचे. तळलेले मासे, मक्याचा पाव आणि मार्वेलाची टिंगल. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असायची, त्यामुळे दारात उभ्या मला सगळं ऐकू यायचं.

"ताई, दोन वर्षांची पदवी आणि हे सहावं वर्ष! हत्तीणसुद्धा लवकर बाळंत होते गं!"

"तुझ्या पदवीला किती वर्षं लागली रे?"

"मी घेतलीच नाही."

"मग मासा खा आणि गप्प बस."

"काट्यासकट खा," आई म्हणायची, "म्हणजे खरंच गप्प बसशील."

त्याच हिवाळ्यात माझा रिव्हर्स गेला. अर्लिस माझ्या पोटाखाली शिरला आणि मान हलवत बाहेर आला. "हिचा गिअरबॉक्स बदलणं म्हणजे म्हातारीला सोन्याची कवळी बसवणं. भंगारात घाल, बसने जा."

"संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर बस तुझा काका चालवतो का? पुढे जाते ना ही? बास झालं."

तेव्हापासून मला समोरून बाहेर पडता येईल अशीच जागा ती शोधायची. कॉलेजात त्यासाठी पार्किंगच्या मैदानाच्या पार टोकाला उभं राहावं लागायचं. तिथून ती बर्फ तुडवत वर्गात जायची. नव्या चकचकीत गाड्या माझ्याकडे बघून नाक मुरडत. मुरडा म्हटलं, तुमच्यात कुणी अभ्यास करतं का?

शेवटी एकच विषय उरला, संख्याशास्त्र. त्यात ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर कॉलेज पुन्हा बसू देणार नव्हतं. सहा वर्षं पाण्यात.

परीक्षेच्या दिवशी काम संपवून ती धावत बाहेर आली, तर माझ्या नाकासमोर दुधाचा ट्रक बंद पडलेला. ड्रायव्हर हात वर करून म्हणाला, "बाई, मेकॅनिक येईपर्यंत हा हलत नाही." मागे सगळं अंगण मोकळं, पण माझ्या काय कामाचं! परीक्षा सुरू झाली की वर्गाचं दार बंद होतं. मार्वेलाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

एवढ्यात स्वयंपाकीण बर्निता बाहेर आली. "रडतेस काय? न्यूट्रलमध्ये टाक!" तिने आत हाक मारली आणि डोक्याला जाळ्या लावलेल्या सगळ्या बाया पिठाच्या हातांनी माझ्या बॉनेटला भिडल्या. व्हीलचेअरवरचे गुंथरआजोबा सेनापतीसारखे ओरडत होते, "डावीकडे, बायांनो, डावीकडे!"

"अगं, सूप करपेल!"

"करपू दे, इथे कुणाला चव कळतेय!"

"मला कळते!" आजोबा गरजले.

मी मागे सरकले, वळले, आणि मग जी सुटले! मार्वेला दार बंद होता होता वर्गात शिरली. काठावर पास झाली, पण पास झाली.

मे महिन्यात कॉलेजच्या स्टेडियममध्ये पदवीदान होतं. आईला अर्लिसच्या उंच पिकअप ट्रकमध्ये चढवत नाही म्हणून तो तिला माझ्यातून घेऊन आला. आई आत गेली. तो मात्र "उन्हात कोण बसणार" म्हणत माझ्यातच बसून राहिला. कर्ण्यावरून सूचना आली की सगळी नावं होईपर्यंत टाळ्या नकोत, आरडाओरडा नको. मग नावं सुरू झाली. अर्लिस रेडिओची कळ उगाच फिरवत होता.

"मार्वेला जीन टिब्स."

त्याचा हात थांबला. आणि त्याने दोन्ही तळवे माझ्या हॉर्नवर दाबले ते उचललेच नाहीत. मीही जिवाच्या आकांताने ओरडले.

रखवालदार धावत आला. "ओ साहेब! बंद करा ते! टाळ्या शेवटी आहेत!"

"माझी बहीण आहे ती!"

"मग?"

"सहा वर्षं हसलोय मी तिला! आता वाजवू दे मला!"

रखवालदाराने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

मार्वेला आता त्या स्वयंपाकघराची मॅनेजर आहे आणि नवी गाडी चालवते. मी अर्लिसच्या गॅरेजमागे गवतात उभी आहे. भंगारवाल्याला निरोप गेलाय. त्या दिवशी माझा हॉर्न जळाला तो जळालाच. परवा मार्वेला मला भेटायला आली, काचेवरून हात फिरवला आणि भावाला म्हणाली, "एवढा मेकॅनिक तू, हॉर्न तरी नीट करायचास."

"राहू दे ताई," अर्लिस म्हणाला. "तिचं बोलून झालंय."

झालंय म्हणे! मग इतका वेळ तुमच्याशी कोण बोलत होतं?