डांगर आणि कोहळं

मीराच्या डोळ्यांचं माझ्या लक्षात आलं ते दिव्याच्या वेळी. आमचा रोजचा नेम होता. मी तुळशीपाशी बसायचे आणि नातीनं तबकातली फुलवात उचलून माझ्या हातात द्यायची. पाच वर्षांची पोर, पण कधी चुकायची नाही. त्या दिवशी तिनं तबकाच्या बाहेरच हात फिरवला. मला वाटलं, खोड्या करते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आपल्याच घराच्या उंबऱ्याला अडखळून पडली, तेव्हा माझी सून सुलोचना आणि मी एकमेकींकडं पाहिलं.

समुद्रपूरच्या डॉक्टरांनी रातांधळं सांगितलं. गोवरानंतर पोरीच्या पोटात काय काय गेलं, असं त्यांनी विचारलं. सुलोचना खाली पाहत म्हणाली, दीड महिना नुसतं वरण-भात. माता येऊन गेली की घरात फोडणी द्यायची नाही, हे माझं सांगणं होतं. डॉक्टरांनी एक चमचा औषध पाजलं आणि म्हणाले, यानं सुरुवात होईल, पुढचं तुमच्या चुलीवर आहे. हयगय केली तर डोळे कायमचे जातील. परतताना एसटीत सुलोचना खिडकीबाहेर पाहत बसली. तिच्या मनात काय होतं ते मला विचारायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात गावच्या बालवाडीत पोषणाच्या बाई आल्या. पुण्याकडच्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्यांनी वाचून दाखवलं की अमुक भाजीत इतकं लोह, तमुक भाजीत इतकं जीवनसत्त्व. मी डोळ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "डांगर द्या. डांगर आणि कोहळा दिसायला भाऊभाऊ, पण डोळ्यांना लागतं ते डांगरात. कोहळ्यात बहुतेक पाणीच."

शेजारच्या देवकाबाई पटकन म्हणाल्या, "मंग आमी जनमभर पानीच खाल्लं म्हना की." बाया हसल्या. मला हसू आलं नाही. आमच्या माळ्यावर तांबड्या गराची सात कोहळी होती, आणि त्यांची भाजी पोरीला आता रोज घालायची असं मी ठरवून बसले होते.

घरी आल्यावर मी देवासमोर पाणी सोडलं. मीराला दिव्याच्या वेळी नीट दिसेपर्यंत या घरात कोहळं शिजणार नाही, माझ्या तोंडात जाणार नाही. माझे सोमवार, एकादशी, रोजची माळ आहेच, त्यात हा एक नेम वाढला. ह्यांना, म्हणजे महादेवरावांना, मी बाजारात पाठवलं. फाल्गुन संपत आला होता, वणा नदीच्या वाळूत डांगराच्या वाड्या लागल्या होत्या. ते पिवळ्या सालीचं, गोड वासाचं डांगर घेऊन आले. मग रोज एक डांगर. मीरा आवडीनं खायची.

पंधरा दिवस गेले, फरक नाही. रोज संध्याकाळी तो लहानसा हात तबकाच्या बाजूनं चाचपडत यायचा आणि माझी माळ अडखळायची. चैत्र लागला आणि एक दिवस वात तिच्या बोटाला लागली. चार दिवसांनी परत. मी देवाचे पाय धरले. म्हटलं, डांगर लागू पडलं, नेम पावला.

आणि तेव्हाच मला गाईच्या गव्हाणीत अख्ख्या डांगराच्या फोडी दिसल्या. पोरीसाठी कापलेल्या, तशाच्या तशा.

मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून मी पाहते. तुरीची डाळ काढायला माळ्यावर गेले तर सातातली चारच कोहळी उरलेली. आमच्याकडं अख्ख्या कोहळ्याला बाईनं पहिला विळा लावायचा नाही, पुरुषानं फोडून द्यायचं. म्हणजे सुलोचना एकटी नव्हती. माझा मुलगा तर नोकरीसाठी वर्ध्याला, महिन्यातून एकदा यायचा. घरात पुरुष एकच होता.

रात्री वाढताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, माळ्यावरची तीन कोहळी कुठं गेली?

"उंदरानं नेली असंन," हे ताटात पाहत म्हणाले.

"कोहळं नेलं? उंदरानं?"

"मोठा असंन."

चुलीपाशी सुलोचनाच्या हातातली भाकर थांबली, मग पुन्हा थापली जाऊ लागली.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. सुलोचना रोज दुपारी गोधडी शिवायला म्हणून देवकाबाईंकडं जायची, मीराला घेऊन. पण गोधडी होती तेवढीच होती. परत आली की मीराच्या झग्यावर पिवळा डाग, तोंडाला मेथीच्या फोडणीचा वास. काय खाल्लं म्हणून विचारलं की पोर आईकडं पाहायची. मला कळलं. गोवराच्या पथ्यानं पोरीचे डोळे मी घालवले, असं सुनेच्या मनानं घेतलं होतं. आता मी जे सांगेन त्याच्या उलट करायचं. ते करायला शेजारीण सामील, माझा नवराही सामील. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याशी खोटं बोलावं, आणि तेही उंदराचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळ अर्धीच ठेवली. आजवर कधी ठेवली नव्हती. देवकाबाईंच्या मागच्या दारानं आत गेले. मीरा पाटावर बसलेली, पुढं वाटी, वाटीत तांबड्या फोडी. देवकाबाई उठून पाण्याच्या निमित्तानं बाहेर गेल्या.

मी म्हणाले, "सुलोचना, माझा नेम मोडायचा होता, तर मले सांगून मोडायचा."

"मोडला नाई, आत्याबाई." तिची नजर हलली नाही. "तुमी म्हणाल्या होत्या, या घरात शिजनार नाई. मी इथं, देवकाकाकूच्या चुलीवर शिजवलं."

"काऊन पन?"

"त्या बाई पुन्हा आल्या होत्या. मी डांगर नेऊन दाखवलं. म्हटलं, पोरगी पंधरा दिवस हे खाऊन राह्यली, काईच फरक नाई. त्या पाहातच राह्यल्या. म्हने, हे तर खरबूज. मंग काकूच्या ओट्यावरच्या कोहळ्याकडं बोट केलं. म्हने, डांगर ते."

मला आधी काही समजलंच नाही. "मंग कोहळं कोनतं?"

"त्यायच्याकडं कोहळा म्हंजे भुरा, पेठ्याचा. ज्याले आपन डांगर म्हनतो ते त्यायचं खरबूज, आन् आपलं कोहळं ते त्यायचं डांगर."

म्हणजे बाई खरं बोलल्या होत्या, मीही खरं ऐकलं होतं, आणि महिनाभर मी देवाला साक्षी ठेवून पोरीच्या तोंडचं औषध माळ्यावर कोंडून ठेवायला निघाले होते. मीरा शेवटची फोड बोटानं पुसून खात होती.

"हे मले काऊन नाई सांगतलं?"

सुलोचनानं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी नेम सोडला असता? तुमी पानी सोडलं होतं. सोडला असता तं तुमाले पाप, नसता सोडला तं पोरीचे डोळे. मामाजी म्हनाले, तिले ठाऊक नसलं तं तिचा नेम साबूत राह्यते."

मी घरी आले, राहिलेली माळ पुरी केली. मणी सरकत होते आणि तोच प्रश्न येत होता. तिच्यावर, ह्यांच्यावर, देवकाबाईंवर इतके दिवस मी संशय घेतला, पण त्यांनाही माझा संशय होताच, आणि त्यांचा खोटा म्हणायची माझी छाती होईना. नेम सोडला असता का मी? आजही मला नक्की सांगता येत नाही.

संध्याकाळी तुळशीपाशी अंधारून आलं. मी मुद्दाम तबक थोडं लांब ठेवलं. मीरा आली, सरळ हात घातला, वात उचलली. वर म्हणाली, "आजी, हिचं टोक वाकडं हाये."

दिवा लावला, नमस्कार केला, नेम सुटला. मी माळ्यावर गेले. उरलेल्यातलं मोठं कोहळं छातीशी धरून खाली आणलं आणि ओसरीवर ह्यांच्यापुढं ठेवलं.

"हे काय?" ते म्हणाले.

"बोलवा तुमच्या उंदराले. फोडून द्या म्हना."

ते उठून विळा घेऊन आले. सुलोचना दाराशी उभी होती. मी तिला म्हणाले, फोडणी तू दे, मेथी घाल, पोरीला आवडते. आज आपल्या चुलीवर.