बिनतोंडाची पिशवी

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर त्याच्या अकलेची चौकशी करावी लागेल. पण साठ सालच्या उन्हाळ्यात जमनी लमाणिणीनं पाटलाची अख्खी विहीर एका पिशवीत भरली. जफर मिस्त्री सायकलचं पंक्चर काढता काढता हसतोय, त्याला हसू द्या.

गाव फुलसावंगीकडचं. नाव विचारू नका, पाटील अजून जिवंत आहे. तांड्याचा झरा आटला होता. जमनीची सून ओली बाळंतीण, पाण्यावाचून तिचं दूध तुटत चाललेलं. जमनी विहिरीवर गेली, तर पाटलानं बजावलं, "तांड्याची घागर नाई, तांब्या नाई. तुमचं तोंडाचं एकही भांडं विहिरीत उतरलं तर फोडीन!"

"तोंडाचं काय?" जमनी फणफणत परतली.

तिच्या आजेसासऱ्यानं बैलांवर मीठ वाहिलेलं. मिठाची गोणी नदीकाठी उतरवली तर ती हवेतलंसुद्धा पाणी ओढते, हे तांड्यातलं पोरही सांगेल. देवीला कापलेल्या बोकडाची मुताची पिशवी जमनीनं धुतली, आत मीठ कोंबलं, तोंड शिवलं, आणि भरदुपारी, साऱ्या गावादेखत, दोरीनं विहिरीत सोडली.

पाटील धावत आला. "काय करून राह्यली वं?"

"पाहून घ्या, पाटील. तोंड नाई तिले."

"मंग पाणी कुठून पेईन ते?"

"तुमच्या पऱ्हाटीच्या मुळाले तोंड हाय काय? ते कसं पेते? कातडं पाण्याले वाट देते, मिठाले देत नाई. मीठ आतून बोलावते, पाणी आपल्या पायानं जाते. मी कुठं काढून राह्यली? हिंमत असन तर पाण्याले अडवा!"

पाटील खरंच काठी घेऊन पाण्याला अडवायला बसला. पिशवी नारळाएवढी झाली, टरबुजाएवढी झाली, मग वासराएवढी. दिवस कलला तेव्हा विहिरीचा तळ उघडा पडला आणि बेडूक एकमेकांकडं पाहू लागले. पाटलीणबाई ओरडली, "अवो, भरू द्या ना तिले घागर!"

"आता तुमची मेहेरबानी नको," जमनी म्हणाली. "तुमच्या डोळ्यादेखत हेच पाणी नेतो."

चार बैल जुंपून तिनं पिशवी वर ओढली आणि डफडं वाजवत तांड्यात नेली. सून पोटभर पाणी प्याली, दूध उतरलं, आणि अख्खा तांडा मृगापर्यंत—

जफरनं पंप खाली ठेवला. "थांबा काका! मीठ आत, पाणीबी आत. मंग त्या बाळंतिणीनं तो खारा समिंदर पेला कसा? साफ झूट!"