आशिष घरात आहे

रविवारी दुपारी निवेदिता भाकरी थापत होती. मागच्या दारानं तिचा धाकटा भाऊ आशिष आत शिरला आणि त्यानं घाईनं कडी लावली. त्याच्या बाह्यांवर पांढरी पूड होती.

"ताई, पाणी दे."

ती पूड कसली, हे निवेदितानं लगेच ओळखलं. कुंभारीच्या त्या कामगार वस्तीत कॅथलिकांची थोडीच घरं होती. चर्चच्या आवारात मरियामातेची पांढरी मूर्ती होती. गेल्याच आठवड्यात चौकात माईक लावून आशिष म्हणाला होता, मूर्तीपुढं गुडघे टेकणारे ख्रिस्ती कसले, ती मूर्ती तिथं राहता कामा नये. वस्तीतली पोरं तेव्हापासून धुमसत होती.

निवेदिताचं माहेर प्रॉटेस्टंट. कॅथलिक घरात लग्न केलं म्हणून आशिष तिच्या घरी पाणीही प्यायला नव्हता. वर्षापूर्वी त्यानं माहेरचं जुनं चर्चही सोडलं. तिथली मंडळी थंडावली आहे, धर्माची सुधारणा करायला हवी, असं म्हणत तो एका नव्या प्रार्थनासभेत प्रवचनं द्यायला लागला होता.

"तू फोडलीस?"

"नुसतं प्लॅस्टर होतं गं ते." तो बाह्या झटकायला लागला. "वाटलं होतं, फोडल्यावर मोकळं वाटेल. पण आवाज लई मोठा झाला. आवारात एक बाई झाडत होती, पाठमोरी. ती वळायच्या आत मी भिंतीवरून उडी मारली."

"तिनं बघितलं तुला?"

"काय माहीत."

नवरा श्रीपूरला साखर कारखान्यात, हंगाम सुरू असल्यामुळं तिकडंच राहायला. घरात ती आणि सासू दगडाबाई. आणि सासू रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर चर्चचं आवार झाडून मगच घरी यायची, हे निवेदिताला आता आठवलं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. दगडाबाई आत आल्या. पदरात त्यांनी मूर्तीचे तुकडे गोळा करून आणले होते. त्यांनी आशिषकडं बघितलं, तुकडे फळीवर ठेवले आणि पदर झटकला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निवेदिताला वाटलं.

गल्लीत पावलं वाजायला लागली. पंधरा-वीस जण असतील. पुढं झेवियर, हातात लोखंडी नळी. लहानपणी दगडाबाईंनीच त्याला प्रार्थना शिकवल्या होत्या.

"आत्याबाई, तो इथं नाही म्हणून सांगा," निवेदिता कुजबुजली. "पाया पडते तुमच्या. मारून टाकतील त्याला."

दगडाबाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आजी, तो पळून इकडंच आला म्हणतात. घरात हाय का?"

"हाय."

आशिष चुलीपाशी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"मूर्ती त्यानंच फोडली न्हवं?"

"व्हय, त्यानंच. म्या बघितलं."

"मग सरका बाजूला."

"न्हाय सरकणार. मला ढकलून जायचं आसंल तर जा."

मागून कुणीतरी दगड भिरकावला. तो दगडाबाईंच्या कानाला घासून दारावर आदळला. रक्ताची धार मानेवर आली. झेवियरनं मागं वळून दगड मारणाऱ्याच्या थोबाडीत मारली, पण नळी काही खाली ठेवली नाही. कुणी पुढं येईना, कुणी मागंही जाईना.

दगडाबाईंनी आत बघून हाक मारली. "ऊठ रं. फादरकडं जायाचं. माझ्या मागं चाल."

"मी नाही येणार," आशिष रडत म्हणाला.

निवेदितानं त्याचा दंड धरून त्याला उठवलं. पुढं सासू, मध्ये भाऊ, मागं ती, असे ते गर्दीतून निघाले. कुणीतरी आशिषच्या तोंडावर थुंकलं. कुणाचा तरी हात निवेदिताच्या वेणीला लागला. आता ओढतील, आता पाठीत नळी बसेल, असं दर पावलाला तिला वाटत होतं. दगडाबाई मात्र जपमाळ ओढत, गुडघेदुखीमुळं सावकाश, अगदी सावकाश चालत होत्या.

चर्चमध्ये आशिषनं सगळं कबूल केलं. फादरांनी त्याच्या नव्या प्रार्थनासभेच्या पाळकाला, म्हणजे तिथल्या धर्मगुरूला, बोलावून घेतलं. पोलिसांत तक्रार दिली नाही. पाळकानं आशिषला आपल्या गाडीतून सोलापूरला नेलं. जाताना आशिषनं कुणाचीही माफी मागितली नाही.

संध्याकाळी सासूच्या कानाला हळद लावताना निवेदिता म्हणाली, "तुम्ही त्याला माफ केलंत, आत्याबाई."

"न्हाय केलं." दगडाबाईंनी डोळे मिटले. "जमंल का, ठावं न्हाय. पर ती पोरं माझ्या हाताखालची हायती. त्यास्नी मानूस मारताना बघायचं मला भ्याव वाटलं."

दुपारपासून शेजारणीनं यांच्याकडची खिडकी उघडली नव्हती. पलीकडच्या घरातल्या रोजच्या प्रार्थनेचा आवाजही आज आला नाही. तेवढ्यात दारापुढं एक मोटारसायकल येऊन थांबली. निवेदिताचा हात सासूच्या कानाशी तसाच राहिला. दगडाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. पोरं परत आली असतील, असंच दोघींना वाटलं. इंजिन कितीतरी वेळ तिथंच घुरघुरत राहिलं.