सोडून देणारी कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी. बाकीच्या कड्या धरून ठेवतात, माझं काम मात्र वेळेला सोडून देणं.

एका लोहारमावशीने मला घडवलं. दोघा बहीणभावांनी पंखांची एक फळी बनवली होती, तिच्यासाठी. ताई फळीवर उभी राहायची, दादा मोटारबोट हाकायचा आणि दोराच्या ओढीने फळी पाण्यावरून हवेत उठायची. दोराचं बोटीकडचं टोक माझ्या तोंडात असायचं. हवेत फळी कलली, की दोर तिला सावरत नाही, उलट पाण्यात खुपसतो. अशा वेळी दादाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, माझी दोरी ओढायची आणि मी तोंड उघडायचं. त्यासाठी वहिनी बोटीत मागे तोंड करून बसायची.

माझ्याकडे कोणी फारसं बघत नसे. एकदा सांध्यात वाळू अडकली आणि भर गर्दीत मी उगाचच उघडले. ताई पाण्यात आपटली. लोक पोट धरून हसले. दादाने मला तारेने करकचून बांधून टाकलं.

पुढच्या खेपेला वहिनीने दोरी ओढून पाहिली. मी ढिम्म.

"अहो, ही कुणी बांधली?"

"मीच. पुन्हा फजिती नको. लोक ताटकळलेत गं!"

"ताटकळू देत. बहीण आहे तुमची, पतंग नाही!"

"काय चाललंय? मी इथे गारठून बर्फ झाले!" ताई पाण्यातून ओरडली.

"तार निघेपर्यंत हो बर्फ!" वहिनी ओरडली.

दादाने पुटपुटत तार तोडली. वहिनीने वाळू धुतली, तेल घातलं. मी पुन्हा मोकळी झाले.

फळी झाडाएवढी उंच गेली आणि वाऱ्याने आडवी झाली. दोर कडकडून ताणला. ताईचं डोकं पाण्याच्या दिशेने येऊ लागलं. वहिनीने हिसका दिला. खट्! मी सोडलं. फळी डुलली, सावरली आणि ताई उभ्या उभ्या पाण्यावर उतरली. काठावर एकच जल्लोष झाला. दादा मात्र मटकन खाली बसला.

"बसताय काय? परत उडायचंय मला!" ताई म्हणाली.

मित्रांनो, जीव राखणारी वस्तू रोज वापरात येत नाही, म्हणून तिला विसरू नका. तिला आधी चालवून बघा. त्या दिवशी ताई पुन्हा उडाली, पहिल्यापेक्षा उंच. पण त्याआधी दादाने स्वतः मला पुसलं आणि तिघांनी एकेकदा ओढून पाहिलं. प्रत्येक वेळी मी ऐटीत उघडले!