दहा जदीचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुनं कॅलेंडर आहे, चौदाशे सालचं. हसू नका, हेरातमध्ये वर्षं अशीच मोजतात आणि महिन्यांना राशींची नावं असतात. एका रोटीवाल्याने मला छापून घेतलं आणि नवरोजला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी, गिऱ्हाइकांना वाटलं. माझ्या चौकोनांत आमची तारीख ठसठशीत आणि कोपऱ्यात मुंगीएवढी इंग्रजी तारीख. त्या मुंगीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

मी नेकबख्तच्या भिंतीवर लागलो. ती घरात मुलींना लपूनछपून वाचायला शिकवायची आणि कोण आलं, कुठला धडा झाला, ते माझ्यावर लिहायची. मला फार मान होता. दहा जदीला, म्हणजे मकर महिन्याच्या दहाव्या दिवशी, बंदूकवाले आले. त्यांनी पुस्तकं अंगणात जाळली आणि पुन्हा शिकवलंस तर तुझी पाळी, असं बजावून गेले. तिने तेही माझ्यावर लिहिलं. आठवड्याभरात ती भाऊ एवझ आणि छोटी लेक साबिरा यांना घेऊन निघाली, तेव्हा मुलींची हजेरी म्हणून मलाही गुंडाळून घेतलं.

तुर्कस्तानात, वान शहरात, माझे दिवस फिरले. सरल्या वर्षाच्या कॅलेंडरला कोण विचारतो? एवझने मला जमिनीवर अंथरलं आणि माझ्यावर चहा-रोटी मांडली जाऊ लागली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

एके दिवशी कागद आला. नेकबख्तचा संरक्षणाचा अर्ज फेटाळला होता. तीस दिवसांत न्यायालयात जा, नाहीतर मायलेकींची परत रवानगी.

"आपा, कोर्टाचा नाद सोड," एवझ म्हणाला. "इज़्मीर बंदर गाठू, चोरून नावेत बसून समुद्रापलीकडे जाऊ."

"खोटं मी बोललेच नाही, तर तोंड लपवून का जाऊ?"

तिने वकील गाठली. नुरहानबाई घरी आल्या, माझ्या कडेला मांडी घालून बसल्या आणि निर्णय वाचू लागल्या.

"तुम्ही म्हणता, दहा ऑक्टोबरला बंदूकवाले आले, तेव्हा गुडघाभर बर्फ होता. ऑक्टोबरात हेरातला बर्फ कुठला? म्हणून सगळंच बनावट, असं यांचं म्हणणं."

"ऑक्टोबर कोण म्हणालं? मी दहा जदी म्हणाले."

"जदी कितवा महिना?"

"दहावा. पण आमचं वर्ष वसंतात सुरू होतं."

"आणि मुलाखतीतल्या दुभाष्यानं जानेवारीपासून बोटं मोजली," नुरहानबाईंनी कपाळाला हात लावला. "नेकबख्त, न्यायालय तुमची कहाणी नव्याने ऐकणार नाही. नकार नीट तपासून दिला का, एवढंच बघेल. मला लिहिलेलं काहीतरी द्या."

नेकबख्त क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "एवझ, रोटी उचल. कपपण."

नुरहानबाई वाकल्या. माझ्यातलं त्यांना वाचता आलं ते एवढंच: ३१-१२.

"आणि हे हाताने लिहिलेलं?"

"'पुस्तकं जाळली. गुडघाभर बर्फ.'"

चहाच्या डागांसकट मी न्यायालयात गेलो. काही महिन्यांनी निकाल लागला: तारीख न पडताळता दिलेला नकार रद्द, बाईंचं म्हणणं पुन्हा ऐका.

"म्हणजे संरक्षण मिळालं?" एवझने विचारलं.

"नाही. पुन्हा मुलाखत."

"पुन्हा पहिल्यापासून? कंटाळत नाहीस का गं?"

"कंटाळले. सकाळी लवकर निघायचंय."

मुलाखतीत तिने दहा जदी म्हटलं आणि नव्या दुभाष्याचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. नेकबख्तने मला टेबलावर पसरलं.

"बोटं राहू द्या, भाऊ. इथे वाचा."

त्या मुलाखतीचा निर्णय अजून यायचा आहे. आम्ही वाट पाहतो आहोत, पण आता मी परत भिंतीवर आहे. मित्रांनो, जुन्या कॅलेंडरचं पुस्तकाला कव्हर घालण्याआधी घरातल्या कुणी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि परक्या माणसाने तारीख सांगितली, तर त्याला खोटं ठरवण्याआधी एवढंच विचारा: तुमच्याकडे वर्ष कधी सुरू होतं?