पिंपळपारावरची शांतता

आडनाव सांगितलं आणि पिंपळपार गप्प झाला. निशाच्या लेखी गोष्ट एवढीच होती.

पिंपळपार ही मराठी माणसांची वेबसाइट. कुठकुठले लोक तिथे लेख टाकायचे, एकमेकांच्या लेखाखाली प्रतिसाद द्यायचे आणि कडाकडा भांडायचे. साल २००७. गडमुडशिंगीच्या निशा कांबळेचं रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालं होतं, नोकरी लागत नव्हती. दुपारी ती शाहूपुरीत गुंडूच्या सायबर कॅफेत येऊन बसायची. 'काचनळी' या टोपणनावाने तिने गुऱ्हाळावर लिहिलं होतं. उकळत्या रसात भेंडीचं पाणी घातलं की मळी वर का येते, जास्त पिवळाधमक गूळ बघून खूश का होऊ नये, असलं काहीबाही. लोकांना ते फार आवडलं. पुण्याच्या मैथिली नावाच्या एका बाईंनी तर खासगी निरोप धाडला : 'आमच्या अन्नतपासणीच्या लॅबमध्ये मुलगी हवी आहे. खरं नाव, शिक्षण कळव. मी सरांशी बोलते.'

निशाने पूर्ण नाव कळवलं, आणि उत्तर आलं नाही. आठवडाभराने तिने पुन्हा लिहिलं, तरी नाही. मग तिने मिठावर नवा लेख टाकला. त्याखालीही कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे बाईंनी इतरांनाही सांगितलं असणार.

"आलं का गं पुण्याचं काय?" आईने भाकरी थापता थापता विचारलं.

"न्हाय."

"आणि एकदा लिव्ह की."

"लिहिलं."

आईने भाकरी उलटली आणि तव्याच्या कडेने उगाच बोट फिरवलं. कारण दोघींनाही न सांगता कळलं होतं.

दुखायला हवं होतं, पण दुखत नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं निशाचं झालं होतं. ती कॅफेत यायची, पान उघडायची, बघायची, बंद करायची.

एकटा रीळवाला तेवढा तिला प्रतिसाद द्यायचा. हा रीळवाला थेटरात सिनेमाची मशीन चालवायचा म्हणे. त्याच्या आठवणी फर्मास असायच्या : रीळ तुटलं की खालून येणाऱ्या शिव्या, मशीनमधल्या जळत्या कार्बनच्या कांड्यांचा उजेड, मध्यंतराचा चहा. निशाच्या मिठाखाली त्याने लिहिलं, 'फक्कड. पुढचं येऊ द्या.' तीही त्याच्या लेखाखाली चार ओळी लिहायची. असेल बिचारा मुंबईत नाही तर अमेरिकेत, पण माणूस सरळ दिसतो, असं तिला वाटायचं.

निष्कर्षाला उडी मारायची नाही, ही प्रयोगशाळेत लागलेली सवय होती. म्हणून तिने एकदा तपासून पाहिलं. आपले लेख इतरांना दिसतच नसतील तर? तिने आपल्या नावातून बाहेर पडून परक्या वाचकासारखा पिंपळपार उघडला. लेख जागच्या जागी होता. गुंडूला सांगून शेजारच्या मशीनवर पाहिलं. तिथेही होता. म्हणजे लेख सगळ्यांना दिसत होता आणि लोक बोलत नव्हते. प्रश्न मिटला. तिने अर्ध्या तासाचे पैसे दिले आणि बसस्टॉपकडे गेली.

पुढच्या आठवड्यात जयसिंगपूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायच्या जागेची मुलाखत होती. तिथे जागा आधीच ठरलेली होती, हे साहेबांच्या जांभईवरूनच कळलं. परतीच्या एसटीला वेळ होता. स्टँडसमोर कॅफे दिसला, तिथे ती पंख्याखाली बसायला म्हणून शिरली. हाताने सवयीनेच पिंपळपार उघडला. पासवर्ड टाकायचाही कंटाळा आला होता.

गुळाचा लेख होता. मिठाचा नव्हता.

तिने खाली पाहिलं, मागची पानं उलटली. गेल्या महिन्यातलं तिचं एक अक्षर नव्हतं. आणि रीळवाल्याचंही नव्हतं. बाकी सगळ्यांची भांडणं जोरात चालू होती.

निशा खुर्चीत सरळ बसली. गुंडूच्या कॅफेत दिसतं, इथे दिसत नाही. गुंडूची सगळी मशीनं एकाच कनेक्शनवर चालतात; बाहेरून पाहणाऱ्याला तो एकच पत्ता. वेबसाइटवाल्यांनी त्या पत्त्यावरून येणारा मजकूर झाकला असेल, आणि झाकलाय हे कळू नये म्हणून त्याच पत्त्यावर तो दाखवत ठेवला असेल, तर सगळं जुळतं. मग खासगी निरोपही त्यातच गडप झाले असणार. शेजारच्या मशीनवर तपासलं ती तपासणीच नव्हती. एकाच भांड्यातलं पाणी दोन पेल्यांत ओतून तिने ते वेगवेगळं धरलं होतं.

आणि ज्याला तिचं लिखाण दिसत होतं, तो रीळवाला अमेरिकेत नव्हता. तो गुंडूकडेच बसत होता.

तिने तिथूनच मैथिलीबाईंना निरोप लिहिला. पूर्ण नाव, आडनावासकट. एसटी लागायच्या आत उत्तर आलं.

'अगं, होतीस कुठे? मी वाट पाहून थकले. सरांनी परवाच दुसरी मुलगी घेतली. पुन्हा जागा निघाली तर कळवते हं.'

आडनावाबद्दल त्यात काही नव्हतं. बरं नाही, वाईट नाही. निशाने ते दोनदा वाचलं. जागा गेली होती, आणि आडनाव वेळेत पोचलं असतं तर ती मिळाली असती की नसती, हे आता कधीच कळणार नव्हतं. रडू येतंय का, हे तिने जरा थांबून पाहिलं. येत नव्हतं. मात्र गालाला मुंग्या आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने गुंडूला गाठलं.

"गुंडूदा, पिंपळपारावर इथून कुणी काही घाण टाकली का?"

"घाण कशाला टाकंल कोण? मेव्हण्याचं केस उगवायचं त्याल हाय, त्याची जाहिरात टाकलीती मी. फुकटात हुतंय म्हटलं."

"कुठं टाकलीस?"

"सगळ्यांच्या लेखाखाली की. दोन दिवस बसलोतो." त्याने आपल्या टकलावरून हात फिरवला. "उपेग न्हाय झाला. एक गिऱ्हाईक न्हाय."

"ती त्यांनी लगोलग पुसली असणार. तुझ्या तेलासंगं आम्हीबी झाकलो गेलो." आणि मग तिने विचारलं, "रीळवाला कोण रे इथं?"

"हंबीरराव व्हय? त्ये बघ, तीन नंबरात."

प्लायवूडच्या आडोशामागे टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ एका बोटाने टाइप करत होते. स्क्रीनवर तिचाच मिठाचा लेख होता.

"आण्णा, मी काचनळी."

ते वळले. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आयला! मला वाटलं कोण मास्तर असंल टक्कल पडलेला."

तिने स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं.

"मंजी म्हैनाभर मी लिवलं, त्ये कुणीच वाचलं न्हाय?"

"मी वाचलं."

"आन तुझं?"

"तुम्ही."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "थेटरात एकदा असं झालतं," ते म्हणाले. "पावसापायी एकच माणूस आलता. मालक म्हणला बंद कर. मी चालवला पिच्चर." मग चष्मा चढवून, "आता काय करायचं?"

निशाने सांगितलं : दुसऱ्या कॅफेतून लिहायचं, तोच मजकूर जागोजागी चिकटवायचा नाही, चालवणाऱ्यांना सरळ कळवायचं की तेलवाला वेगळा आणि आम्ही वेगळे. आणि मधूनमधून परगावच्या माणसाकडून खात्री करून घ्यायची.

"एवढं करूनबी कोण बोललं न्हाय तर?"

निशाने विचार केला. "मग ती माणसांची शांतता. तिचं काय करायचं ते नंतर बघू."

"तिथल्या खुर्च्या बऱ्या हायत का?"

"बघून येऊ."

हंबीररावांनी टोपी सारखी केली. गुंडू दारातून ओरडला, "गिऱ्हाईक पळवाय लागली व्हय गं माझं?" निशाला हसू आलं. ते आलंय हे तिला जिना उतरल्यावर कळलं. रस्त्यापलीकडच्या कॅफेत तिने वेबसाइटवाल्यांना पत्र लिहिलं. खाली काचनळी लिहून खोडलं आणि लिहिलं : निशा कांबळे, गडमुडशिंगी.

"माझंबी घाल की," हंबीरराव मागून म्हणाले.