आधी चार फेऱ्या

फक्कीची रेष वाकडी गेली. पाचव्या आणि सहाव्या लेनच्या मध्ये तिला असा बाक आला की नवशिक्यालाही लाज वाटावी. सव्वीस वर्षं तो कॉलेजच्या ट्रॅकवर या पांढऱ्या भुकटीने रेषा आखत होता, म्हणून सगळे त्याला फक्कीराव म्हणत. हे नावही सरांनीच ठेवलेलं. त्याने बुटाने रेष पुसली, पुन्हा आखली. ती पुन्हा वाकली. अकरा वाजता चौकशी समितीपुढे जायचं होतं.

"राहू द्या हो," मागून सर म्हणाले. "आज कोण धावणार आहे इथे?"

सर म्हणजे धावण्याचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर होती, तरी सर दिसले की सिगारेट पाठीमागे लपवत. सरांची एक पद्धत सगळ्यांना पाठ होती. कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं की ते म्हणत, "आधी चार फेऱ्या मार, मग बोल." निम्मी भांडणं घामाबरोबरच उतरायची. फक्कीरावाने हा उपाय एकदा घरी करून पाहिला, तर बायकोने त्यालाच वाण्याकडे चार फेऱ्या मारायला लावल्या.

"समितीपुढे काय सांगायचं, लक्षात आहे ना?" सरांनी विचारलं. "ती माझ्याकडे आली, फेऱ्या मारल्या आणि घरी गेली. मला काही बोलली नाही."

गेल्या वर्षी ती लांब उडीची मुलगी आली तेव्हा फक्कीराव सरांपासून चार हातांवर उभा होता. "सर, मालिशच्या खोलीत ते मालिशवाले माझ्याशी..." एवढं ती बोलली होती. सरांनी ट्रॅककडे बोट दाखवलं. चार फेऱ्या मारून ती परत आली आणि धापा टाकत म्हणाली, "सर, तरी सांगायचंय." सर म्हणाले, "अजून चार." त्यानंतर ती मैदानावर कधीच दिसली नाही. मालिशवाला मात्र होता तिथेच राहिला, आणि आता आणखी तीन मुलींनी तेच लिहून दिलं होतं.

"ती बोलली होती, सर."

"अर्धं वाक्य, फक्कीराव. अर्ध्या वाक्यावर एखाद्याची नोकरी घालवायची?"

"उरलेलं अर्धं विचारायचं तरी."

सर कठड्यावर बसले. "स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. मला वाटलं, दमली की विसरेल."

त्याला सरांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. "सर, मला कायम करावं म्हणून तुम्ही जिना चढून प्राचार्यांच्या दाराशी दोन तास बसला होतात. मी जन्मात विसरणार नाही. तिच्यासाठी तुम्ही तेवढा जिना चढायला हवा होता."

फक्कीरावाने रेषा आखायचं यंत्र तसंच मैदानात सोडलं आणि हात धुवायला गेला.

समितीच्या खोलीत सर भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. फक्कीरावाने सगळं सांगितलं, तिचं अर्धं वाक्य आणि सरांचं "अजून चार" धरून. सांगताना त्याने सरांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीभ रेटली नसती. समितीच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि मान वर केली.

"आणि तुम्ही? तुम्ही त्या वेळी काय करत होता?"

हे कोणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने टेबलाची कड धरली.

"मी फेऱ्या मोजत होतो, मॅडम," तो म्हणाला. "ती रडत होती. सात झाल्यावर थांबली. मीच हाक मारून सांगितलं, अजून एक राहिलीय."